पुढची सीट

वारंगा फाटा ते डोंगरकडा जीप चालवणारे काका पुढच्या सीटवर कुणाला डुलकी घेऊ देत नसत. "झोपायचं तर मागं जा, गुरुजी. तुमचं पाहून मलाबी झोप येती," असं म्हणून मांडीवर थाप मारायचे. शाळेला जाताना ती थाप मी कितीदा तरी खाल्ली आहे.

मग त्यांची पोरगी एका लहान विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागली. जीपमधलं कुणीतरी लाखाच्या पगाराचा विषय काढतंच. काका गिअर बदलत म्हणतात, "न्हाई हो. नवीन हाय. खोलीभाडं दिल्यावर हातात काय ऱ्हातंय?" आणि वर, "पायलट कमी पडून राहिले म्हणून सुट्टीबी देईनात तिला."

परवा पुढच्या सीटवर मला गाढ झोप लागली. थाप काही बसली नाही. जाग आली तेव्हा शाळा समोर होती, जीप अगदी सावकाश चालली होती आणि मागची माणसं उशीर झाला म्हणून कुरकुरत होती.

"काका, उठवलं काहून न्हाई?"

"पोरगीबी बाजूच्याच सीटवर बसती," काका रस्त्याकडं बघत म्हणाले. "झोप व्हत न्हाई तिची."