दाराला टोरीचं तेल

दवनीवाड्याच्या आठवडी बाजारात चंद्रकुमार सेठ चारचौघांत बोलून गेला, "दुधरामले दाराले ग्रीस लावता येत नाही, अन् म्हणे मेकॅनिक!"

दुधरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं सडकेवर गॅरेज चालवतोय हा माणूस. डोळे मिटून इंजिन उतरवेल, आणि आळ आला तो कशाचा? सेठच्या कारच्या करकरणाऱ्या दाराच्या बिजागरीचा! लोक दात काढून हसले. बरं, हसून मोकळे झाले असते तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच दिवशी त्याची दोन नेहमीची गिऱ्हाइकं गॅरेजवरून तशीच पुढे गोंदियाला गेली. नावावर तर धंदा चालत होता, आणि तेच नाव मातीत चाललं होतं.

आणि ग्रीसच्या बाबतीत दुधराम म्हणजे सोवळ्यातला बामण. काळं ग्रीस ट्रॅक्टरला, पिवळं बेअरिंगला, आणि ट्यूबमधलं पांढरं फक्त दारांना. कोणी वडे तळलेलं तेल दाराला घालून आला की हा पेटलाच. "दार होय का कढई? अन् तो दुसरा शहाणा ट्रॅक्टरचं ग्रीस थापून आला! धानाचा कोंडा चिकटते त्याले, अन् मंग पिन खाऊन टाकते. हरभऱ्याएवढं पांढरं लावा, वर्ष दोन वर्ष पाहू नका!" असं रोज घसा कोरडा करणाऱ्या माणसाला ग्रीस लावता येत नाही म्हणे!

रात्रभर तळमळून सकाळीच तो सेठच्या अंगणात जाऊन उभा राहिला. कार मांडवाखाली होती. दार उघडलं तर असं किंचाळलं की गोठ्यातली म्हैस वळून पाहू लागली. त्यानं बिजागरीवरून बोट फिरवलं. वर्षापूर्वी त्यानंच भरलेल्या पांढऱ्या ग्रीसचा मागमूस नव्हता. थंडीत थिजलेलं पिवळं काहीतरी होतं, कोंड्यानं माखलेलं. वास घेतला आणि ओळख पटली. टोरीचं तेल! मोहाच्या बियांचं.

"सेठ! या बाहेर!" दुधराम ओरडला. "कोण लावलं हे? माह्या कामावर कोण हात चालवला?"

बाहेर आली ती सेठची माय, सुमित्राबाई. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चिंधी.

"मीच लावून राहिली ना बापा. दर सोमवारी." म्हातारीला वाटलं, शाबासकी मिळेल. "तुह्याच बापानं सांगितलं होतं. आमचं खासर त्यानंच बनवलं ना! म्हणे, काकी, गाडीचा आस कोरडा राहू देजा नोका. टोरीचं तेल घालत जा."

 दुधरामचा बाप बकाराम सुतार जाऊन बारा वर्षं झाली. ते खासर, ती बैलगाडी, केव्हाच मोडली, बैल विकले गेले, पण त्याचा शब्द ही म्हातारी अजून दर सोमवारी, आता कारच्या दारावर, पाळत होती. आता शिव्या द्यायच्या तरी कोणाला? बापाला?

तेवढ्यात चंद्रकुमार बाहेर आला. वाटी दिसताच आईवरच उखडला. "माय! किती खेपा सांगितलं, गाडीले हात नोको लावू! सीट खराब होते तुह्या लुगड्यानं!"

सुमित्राबाईनं वाटी पदराआड घेतली.

ते पाहिलं आणि दुधरामच्या रागाला खरी वाट सापडली. "काकी, या गाडीत किती खेपा बसल्या तुम्ही?"

"मी कायले बसू गा? वावरातून आली का पायाले चिखल राहते."

"लाज वाटू द्या सेठ!" दुधराम कडाडला. "वर्षभर माय गाडीचं वंगण करून राहिली, अन् तुम्ही तिले एक दिवस बसवलं नाही?"

चंद्रकुमारनं मान खाली घातली. दुधरामनं डिझेलची चिंधी घेऊन बिजागरी लख्ख पुसली, हरभऱ्याएवढं पांढरं ग्रीस बोटानं आत भरलं आणि दार दहा वेळा हलवलं. हूं नाही की चूं नाही.

"मी बाजारात सांगतो," चंद्रकुमार पुटपुटला, "का चूक तुही नव्हती."

"मंग कोणाची सांगान? मायची? का माह्या बापाची?" दुधराम फणकारला. "खबरदार, बाजारात एक शब्द काढला तर! माहं नाव मी पाहून घेईन. आधी मायले गोंदियाले फिरवून आणा."

त्यानं दार सताड उघडून धरलं. सुमित्राबाईनं मुलाकडे पाहिलं. तो हळूच "बस माय" म्हणाला, तेव्हा ती पदर सावरत आत बसली. वाटी मांडीवर. पाय मात्र तिनं खालच्या चटईला टेकवले नाहीत, दोन्ही वर उचलून धरले होते.

"पाय खाली ठेवा, काकी!" दुधराम तिच्यावर खेकसला.