नळाच्या दिवशी ठरवायचं नाही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका शहाणा माणूस अख्ख्या मुकुंदवाडीत झाला नाही, आणि त्यांच्या शहाणपणानं माझ्याइतका दमलेला माणूसही झाला नाही. बाकीचे शहाणे मोबाइलवर तासतासभर उपदेश करतात; काकांचं सगळं एका वाक्यात मावायचं. "नळाच्या दिवशी हो म्हणायचं नाय, अन् नाय बी म्हणायचं नाय." आमच्याकडं नळ येतो आठवड्यातून एकदा, तोही लहर आली तर. त्या दिवशी घरोघरी मोटारी घरघरतात, बादल्या आपटतात, नवरा-बायको एकमेकांचं माहेर-सासर उद्धरतात. काका म्हणायचे, "अशा दिवशी माणूस माणसात नसतो. त्यानं ठरवलेलं काय खरं?"

बरं, हा नियम स्वतःपुरता ठेवतील तर ते काका कसले! साहेबाला चांगलं सुनावणारा मेसेज मी रागारागानं लिहिला, तर मोबाइलच काढून घेतला. "पाणी जाऊ दे, मंग पाठव." पाणी गेलं, राग गेला, मेसेज तसाच राहिला. मुलीनं कॉलेज बदलायचं काढलं, "आज नळ हाय." बायकोनं फ्रिज पसंत केला, तरी "आज नळ हाय." वैताग नुसता! एकदा कुणा तोतया पोलिसानं व्हिडिओ कॉल करून त्यांना अटकेची धमकी दिली. आमची तर पाचावर धारण बसली. काका खांद्यावर पाइप सावरत शांतपणे म्हणाले, "साहेब, आज नळ हाय. अटक परवा करा." शेवटी त्यानंच फोन ठेवला.

फक्त एका बाबतीत हा नियम जरा ताणला जायचा. त्यांचा पुण्याचा मुलगा फोन करून म्हणायचा, "बाबा, आई गेली, आता एकटे कशाला राहता? इकडं या." तो कधीही फोन करो, काकांकडं नळच! एका रविवारी ते फोन कानाला लावूनच जिना उतरले आणि मला म्हणाले, "काय रे, आज नळ हाय ना?" अख्ख्या गल्लीला नळाची वेळ सांगणारा माणूस मला विचारत होता. अंगणातला नळ कोरडा ठाक. त्यांचा चेहरा बघून मी पुण्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "आहे की काका! लई जोरात आलंय!"

पण गुडघ्यांनी काही ऐकलं नाही. जिना चढवेना, तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला आणि काका गेले. त्या दिवशी नळ नव्हता, हे त्यांनी मला गाडीत बसताना बजावून सांगितलं.

आता मला अडवणारं कुणी नाही. साहेबाला मेसेज जातात आणि मग ते निस्तरता निस्तरता जीव मेटाकुटीला येतो. परवा नळाच्या दिवशी, बादल्या भरता भरता, न राहवून त्यांना फोन लावला.

"काका, वरचं कुलूप बघवत नाही हो. परत कधी येताय?"

ते म्हणाले, "अरे, इथं तर रोजच नळ असतो. ठरवू कवा?"