छाती छत्तीस

सर्व संबंधितांस कळवण्यात येते, की शंकर नगरात एकाही बाईचं माप गुप्त राहिलेलं नाही. आमची ब्लाउजवाली टेप लावते आणि मशीनवरच्या जावेला गल्लीभर ऐकू जाईल असं सांगते, "छाती छत्तीस." आम्ही लाजलो, की म्हणते, "काहून लाजता? मापच तं आहे."

तिच्या स्वतःच्या छातीत गाठ आली, तेव्हा मात्र तिनं डॉक्टरांना खांदा दुखतो म्हणून सांगितलं. वर्षभर खांद्यालाच मलम चोळलं. आता कॅन्सर हाडांत उतरलाय.

"दिवसभर तोच शब्द ओरडतेस, आणि डॉक्टरांपुढंच तोंडातून निघाला नाही?" मी विचारलं.

टेप गुंडाळता गुंडाळता ती बोलून गेली, "ते तं गिऱ्हाइकाची छाती राहते, ताई. डॉक्टरले माही कशी सांगू?"