फादर साळवे आणि आमचा फुटलेला पेपर

फादर साळवे काल गेले, आणि मला एक कबुली द्यायची आहे.

आधी फादर कोण ते सांगतो. लातुरात बरेच जण त्यांना 'भूकंपवाले फादर' एवढंच म्हणायचे.

मूळ जालन्याकडचे. दक्षिणेतल्या एका कॅथलिक युनिव्हर्सिटीत शिकवायचे. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा विद्यार्थी घेऊन आले आणि औसा तालुक्यात चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले.
रिटायर झाल्यावर त्यांनी हट्टानं लातूरच मागून घेतलं.

आमची ओळख ट्यूशन एरियातल्या चहाच्या टपरीवर झाली. समोर आमच्या क्लासचा, ओळीनं फोटो लावलेला फ्लेक्स होता. फादरनी तो बघून विचारलं,

"एवढे उमेदवार? कशाची निवडणूक हाय?"
"फादर, ते आमच्या क्लासचे शिक्षक आहेत. तिसरा मी."
लई हसले. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

मी केमिस्ट्री शिकवतो, पण चौकशा जगाच्या. एकदा विचारलं, तुम्ही तिकडं नेमकं काय करायचात?

"डीन होतो. थिऑलॉजीचा."

तिथं थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र, फिलॉसॉफी आणि चर्चचा कायदा अशा तीन फॅकल्टी. मी सरळ लातुरी प्रश्न टाकला: "मग मालक कोण?"

हा प्रश्न त्यांना भलताच आवडला. वर चान्सेलर, म्हणजे आर्चबिशप. त्यांच्यावर रोम. फॅकल्टीचे नियमसुद्धा रोमनं मंजूर केलेले. कायमचा प्राध्यापक व्हायचं तरी रोमहून पत्र यावं लागतं.

"पत्रात काय असतं? फार विद्वान आहेत वगैरे?"
"न्हाई. आमची हरकत नाही, एवढंच."

त्या एका ओळीसाठी माणसं वर्ष-दोन वर्षं थांबतात म्हणे. आमच्याकडं माणूस सकाळी डेमो लेक्चर देतो आणि संध्याकाळी फ्लेक्सवर असतो.

"आणि काढायचं असेल तर?"

"त्याचे पण नियम हायत. तक्रार आली की डीननं आधी त्या शिक्षकाला एकट्याला भेटायचं. तक्रार दाखवायची, त्याचं ऐकायचं. मिटलं न्हाई तरच वर पाठवायचं."

मला हे सगळं फारच स्लो वाटलं. तसं बोललोही.

त्याच वर्षी आमच्या टेस्ट सिरीजचा फिजिक्सचा पेपर फुटला. टेस्टच्या आदल्या दिवशी तो नांदेडच्या एका क्लासच्या मुलांकडं सापडला.

पेपर काढला होता सय्यद सरांनी. नांदेडजवळच्या मुदखेडचे. सरळ माणूस, कमी बोलणारे.

माझे भागीदार बिराजदार सर म्हणाले, "पेपर त्यांचा, नांदेडला येणं-जाणं त्यांचं. अजून काय पुरावा पायजे?"
दोन दिवसांत सरांना काढायचं आणि फ्लेक्स बदलायचा, असं ठरलं. मीही मान डोलावली.

संध्याकाळी फादरना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्याला विचारलं का?"

"विचारून काय होणार? हो थोडंच म्हणणार आहेत."

फादरनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी पण न्हवतं विचारलं."

डीन असताना एका तरुण प्राध्यापकाच्या नोट्सबद्दल तक्रार आली होती. नियम समोर होता. तरी फादरनी त्याला न भेटता कागद सरळ चान्सेलरकडं पाठवला. स्वतःवर बालंट नको म्हणून. चौकशी दोन वर्षं चालली. त्यात काही निघालं नाही, पण तोवर त्या माणसानं शिकवणंच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सय्यद सरांकडं गेलो. फुटलेला पेपर त्यांच्यापुढं ठेवला. तोवर आमच्यापैकी कुणी तो त्यांना दाखवलाही नव्हता.

त्यांनी सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं.
"हा आकडा चुकलेला हाय. पहिल्या प्रुफात होता तसाच. फायनलला आपण बदलला."
मग हळूच म्हणाले, "पहिलं प्रूफ तपासायला घरी तुम्हीच नेलतं, सर."



ते प्रूफ मी नांदेडच्या भाचीला प्रॅक्टिससाठी दिलं होतं. क्लासवाले सगळेच देतात, नातेवाइकांची मुलं असतात. ती तिथल्या त्याच क्लासला जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी बिराजदार सरांना सांगितलं, "प्रेसमधून गेला असेल. सय्यद सरांचा संबंध नाही."
अर्धंच खरं सांगितलं.

सय्यद सर राहिले. पण त्यांना परत कुणी पेपर काढायला दिला नाही. ट्यूशन एरियात त्यांचं नाव 'पेपरवाले सय्यद' पडलं. दोन वर्षांनी ते नांदेडला गेले. एवढ्या काळात त्यांनी माझ्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नाही.

फादरना सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "बाकीच्यांना सांगितलं का?"
"सांगतो, फादर."
तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. चहा मात्र पूर्वीसारखाच पाजायचे, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात भेटलो. माझा चौकस स्वभाव तिथंही गेला नाही. विचारलं, "तो तरुण प्राध्यापक पुढं कधी भेटला का?"

"मीच गेलतो. बारा वर्षांनी. दारातच म्हणलं, माझं चुकलं."
"मग?"
"त्यानं पाणी दिलं. म्हणला, फादर, हे तेव्हा फॅकल्टीत सगळ्यांसमोर म्हणायला पायजे होतं."

म्हणून इथं लिहितोय. माझे विद्यार्थी, पालक, ट्यूशन एरियातले सगळे इथं आहेत.

तो पेपर माझ्यामुळं फुटला. सय्यद सरांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

बिराजदार सर, तुम्हालाही हे आत्ताच कळतंय. फोन करा, उचलतो.

सय्यद सर, तुम्हाला टॅग केलंय. जे म्हणायचं ते खाली सगळ्यांसमोर म्हणा. काहीही डिलीट करणार नाही.

फादर, तुम्ही असताना हे माझ्याच्यानं झालं नाही, याची लाज वाटते.
नीट जा.