अंड्यावरून लढलेले लोक आणि आमचा तलाव

ते पुस्तक लहान पोरांचं आहे असं जो म्हणतो, त्यानं ते वाचलेलं नाही. मी चौथी शिकलो. तरी हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

गावच्या शाळेतलं जुनं कपाट रिकामं करत होते. पुस्तकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढत होती, त्यातलं कव्हर फाटलेलं एक मी उचललं. मास्तर हसले. म्हणाले, "आबाजी, ती बुटक्यांची गोष्ट आहे, नातवंडांना द्या." नातवंडं मोबाइलमध्ये. मीच वाचलं. ओसरीवर बसून, बोट ठेवून, मोठ्यानं, अख्खा उन्हाळा. मनातल्या मनात वाचायला मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

जहाजावरचा एक डॉक्टर भलत्याच मुलखांत जाऊन पडतो. एका देशात बोटभर माणसं, दुसऱ्यात ताडाएवढी. एका ठिकाणी राजाची जमीनच आभाळात उडते आणि ज्या गावानं तोंड वर केलं त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहते, ऊन-पाऊस अडवते. आमच्या डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घिरट्या घालत असतात, त्यामुळे हे पटायला मला वेळ लागला नाही. शेवटी घोड्यांचा देश. तिथं घोडे शहाणे, आणि माणूस म्हणजे ओरबाडणारं घाणेरडं जनावर. हे लहान पोरांचं? ज्यानं लिहिलं त्याच्या पोटात आग होती. मला ती ओळखू आली.

त्या बोटभर माणसांच्या दोन पार्ट्या असतात. भांडण कशावरून, तर उकडलेलं अंडं जाड टोकाकडून फोडायचं की बारीक टोकाकडून. त्यापायी लढाया, मुडदे, लोक देशोधडीला. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि शिव्या घालायला लागलो. बायको आतून म्हणाली, "कोणाले शिव्या देऊन राहिले?"

"गावाले."

"गावानं का केलं आता?"

"करते. थांब तू."

आणि गावानं केलं. गेल्या आश्विनातली गोष्ट. पाऊस पाठ फिरवून गेला. धान निसवत होता. लोंबी बाहेर येते तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी नसलं तर दाणा भरत नाही, सगळं पोचट. पण आम्हाला कसली चिंता? तलाव भरलेला. आमच्या वाडवडिलांनी डोक्यावर माती वाहून त्याला पाळ, म्हणजे बांध, घातली आहे. पाळीत पाणी सोडायची मोरी आहे, तिला आम्ही तुडूम म्हणतो. आता तिला लोखंडी चाक बसवलंय. चाक फिरवलं की पाणी नहरात, नहरातून वावरात. चाकाला कुलूप नाही. पण तुडुमावरच्या दगडावर नारळ फुटल्याशिवाय त्या चाकाला कोणी हात लावत नाही. ही रीत.

नारळ फोडणाऱ्यानं तोंड पाण्याकडे करायचं, हीसुद्धा रीत. मध्ये एका वर्षी खालच्या टोलीतल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, कोणीतरी वावराकडे तोंड करून फोडला. त्या वर्षी धान बक्कळ झाला. झालं. खालची टोली म्हणते वावराकडे, वरची टोली म्हणते पाण्याकडे. आदल्या वर्षीपर्यंत ढकलाढकली करून निभलं होतं. या वर्षी दोन्हीकडचे हट्टाला पेटले. तलाव भरलेला, बांध्या भेगाळून राहिलेल्या, आणि माणसं दोन बाजूंनी पाळीवर बसून एकमेकांवर नजर ठेवून. उद्या तिकडचा कोणी नारळ घेऊन आला तर!

माझं वावर तलावाला लागून, झिरप्यावरही तगतं. नहराच्या अगदी टोकाला वावर आहे ते माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ती एकटी करते. तेवढंच तिचं. ते पोचट गेलं तर वर्षभर दुसऱ्याच्या बांधीत मजुरी, आणि ती माझ्यासारखीच ताठ आहे, कोणाच्या दारात तांदूळ मागायला जायची नाही.

आमच्यात भासरा आणि भावसून समोरासमोर बोलत नाहीत. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, मीही नाही. बोलायचं ते माझ्या बायकोमार्फत. ती शेजारच्या घरातून अंगणात आली, डोक्यावर पदर ओढला आणि बायकोला म्हणाली, "बाई, त्याईले सांगा, मीटिंगमंदी त्याईचं ऐकतेत. पाणी सोडाले लावा म्हणा."

मी खांबाकडे पाहून म्हटलं, "सांग तिले, बोलतो म्हणून."

बायको म्हणाली, "दोघाईलेबी कान आहेत. मी कायले मधात दमून राहिली?"

मीटिंग मारोतीसमोर भरली. मी पुस्तक घेऊन गेलो. उभं राहून अंड्याचं पान वाचलं, एकही शब्द न गाळता. लोक हसले. असे हसले की काही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लागलं. तेवढ्यात वरच्या टोलीतला एक ओरडला, "वा जी आबाजी! खालच्याईले बराबर हाणलं!" खालच्या टोलीतला उठला, "आमाले कायले? ते तर तुमचंच वर्णन होय, अंडेफोडे!" एक म्हातारा शेवटपर्यंत विचारत राहिला, "पण मंग जिकलं कोण? जाडवाले का बारीकवाले?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मूर्खहो, दोघंही तुम्हीच आहात!" ते त्यांना अजूनच गमतीचं वाटलं. मग कोणीतरी विचारलं, "जाऊ द्या जी. तुमीच सांगा, तुमचं मत कोणीकडं?"

मी म्हटलं, "पाण्याकडं. त्यात विचारायचं काय?" खरं तेच आहे, आजही म्हणतो. पाण्याला पाठ दाखवून पाणी मागायचं असतं का? पण ते म्हटल्याबरोबर खालची टोली उठून चालती झाली आणि मीटिंग मोडली.

सकाळी पाळीवर गलका झाला म्हणून गेलो. भावसुनेनं चाक फिरवलं होतं. नारळ नाही, काही नाही. पदर खोचून, हातात फावडं घेऊन ती नहरातला गाळ ओढत पुढे निघाली होती आणि पाणी तिच्या मागे. लोकांनी तिला परत बोलावून आणलं होतं. दोन्ही टोल्या तिथं होत्या. इतके दिवस ज्यांनी एकमेकांची बिडी पेटवली नव्हती ते खांद्याला खांदा लावून उभे होते आणि एका सुरात बोलत होते. आधी चाक बंद. आधी हिनं दगडावर डोकं टेकवून साऱ्या गावासमोर माफी मागावी, मग पुढचं. वरचा आणि खालचा, दोघंही माना हलवून राहिले होते! एकी व्हायला यांना एक बाई लागली. त्या क्षणी मला तो घोड्यांचा देश आठवला. असा कुठं असता तर मी चपला न घालता निघालो असतो.

ते मला म्हणाले, "आबाजी, तुमच्या घरची आहे. तुमी सांगा तिले."

बायको जवळ नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी काही बोलायच्या आत तिनंच पदर कपाळापर्यंत ओढला आणि सरळ मला म्हटलं, "एक इचारू का जी?"

मी मान हलवली.

"उन्हाळाभर तुमी वाचत होते, म्या भिंतीआडून आयकलं. त्या अंड्यापायी लोक मेले म्हणता. मंग ते अंडं खाल्लं कोणं?"

मी ते पुस्तक वाचलं आहे, अक्षर न अक्षर. त्यात ते लिहिलेलं नाही. लिहिणारा एवढा शहाणा माणूस, एवढा रागीट, पण अंड्याचं काय झालं ते त्याला सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं होतं?

मग माझा राग तिच्यावरून, पुस्तकावरून, सगळ्यांवरून उसळून गावावर गेला. मी जाऊन चाकाजवळच्या दगडावर बसलो. म्हटलं, "माफी कोणी मागणार नाही. ज्याला चाक बंद करायचंय त्यानं मला उचलून बाजूला ठेवावं आणि मग करावं." एक पोरगा पुढे आला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मागे गेला. तिला म्हटलं, सरळ तिलाच, मधे कोणी नाही, "तू का उभी आहेस? जा, पाण्याच्या पुढं चाल. वाटेत कोणी बांध फोडला तर मला हाक मार."

ती गेली. लोक बडबडत राहिले. रीत मोडली म्हणाले, तलाव कोपेल म्हणाले, यापुढे आबाजीला कशात बोलवायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, "नकाच बोलवू. तुमच्यात बसून माझी अक्कल जाते." ऊन चढलं. एकेक करून घरी जेवायला गेले, कारण भूक दोन्ही टोल्यांना लागते. मी बसून राहिलो. तहान लागली होती, समोर अख्खा तलाव होता, पण उठलो नाही. उठलो असतो तर कोणीतरी चाक उलटं फिरवून पाणी बंद केलंच असतं, या गावाला मी ओळखतो.

दुपार कलली तेव्हा नहराच्या टोकाकडून तिची हाक आली. आयुष्यात तिचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"पोचलंऽऽ!"

"बांधी भरू दे पूर्ण!" मी ओरडलो. "धानाच्या बुडाशी हात घालून पाह्य!"