बॅरिकेडपाशी अडलेल्या भाकरी

गंगूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात बेअरिंगचा साठा मोजत होते. आळेफाट्यावर ट्रकच्या सुट्या भागांचं आमचं दुकान आहे आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोजणी असते. फोन तिच्या मुलाचा, सखारामचा होता. "ताई, आय गेली. सकाळी च्या पिली, भिताडाला टेकून बसली, ती बसलीच." मी सवयीनं विचारलं, कुठला दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले. "कशाचा दवाखाना... कप सुदीक हातातच व्हता." मी बरं म्हटलं, निघते म्हटलं, आणि पुन्हा मोजायला लागले. एकच खोकं तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळा आकडा आला, तेव्हा शटर ओढलं.

आज याला दीड महिना झाला. मावशी आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात राहायची, भात आणि नाचणी पिकवायची. माझं तिचं नातं काहीच नव्हतं. ओळख झाली ती एका वाईट आठवड्यात.

काही वर्षांपूर्वी भात लावणीच्या दिवसांत तिच्या डोंगराच्या अलीकडच्या एका वाडीवर पहाटे दरड आली. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बघायला येणाऱ्यांचा त्या लोकांना कंटाळा आलेला आहे. पाच घरं मातीखाली गेली. उरलेल्यांना खालच्या अंगाच्या शाळेत आणून ठेवलं. फाट्यावरच्या आम्ही व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी दुपारी दोन टेम्पो भरले आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण अशी कामं माझ्याकडेच येतात. चादरी, ताडपत्र्या, मेणबत्त्या, पाण्याचे कॅन, पुरी-भाजीची पाकिटं. प्रत्येकाला आकडा, आकड्यासमोर गाडी, गाडीसमोर ड्रायव्हरचा नंबर. संकटात माणसं कशी वागतात हे मला ठाऊक आहे, असं मी समजत होते. आमच्या बागायती पट्ट्यात गारपीट झाली की माणूस आधी मोबाईल काढतो. झोपलेल्या टोमॅटोचे फोटो, मग तलाठ्याला फोन, मग औषधवाल्याला. दुपारपर्यंत बांबू पुन्हा उभे राहायला लागतात. रडायचं ते काम करता करता. मदतीची गाडी आली तर रांग लागते, रांगेत भांडण होतं, आणि भांडण झालं की समजायचं, माणसं ठीक आहेत.

त्या शाळेत रांग लागली नाही. भांडण झालं नाही. घरटी मोजून दिलेली पाकिटं संध्याकाळी गोळा करायला गेले तर ती जिथं ठेवली तिथंच होती. पोरांनी बिस्किटं खाल्ली होती, मोठ्या माणसांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाजी बदलली. तरी तेच. आमच्यातला एक जण म्हणाला, "फुकट मिळतंय ना, किंमत नाही." मी त्याला गप्प केलं, पण मी तरी कोण शहाणी! मी वहीत लिहिलं : लोक सुन्न आहेत, समुपदेशक मागवणे. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, पुरुष सकाळी माती उपसायला जायचे ते अंधार पडताना परत यायचे. दोन दिवस पोटात अन्न नाही आणि हातात फावडं. तिसऱ्या दिवशी त्यातला एक जण उभ्या उभ्या कोसळला. मला तेव्हा खरी भीती वाटली. दरडीतून वाचलेली माणसं आता आमच्या डोळ्यांदेखत भुकेनं जाणार की काय...

त्याच सकाळी मावशी आली. रस्त्यानं नाही, डोंगरावरून, पायवाटेनं. साठीच्या पुढची बाई, कंबरेपर्यंत चिखल, डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती पलीकडच्या वाडीची, वेगळ्या भावकीतली. झऱ्याच्या पाइपवरून या दोन वाड्यांचं कधीपासून वाकडं होतं, एकमेकींच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हत्या, हे मला नंतर समजलं. तिनं व्हरांड्यातल्या खोक्यांची रास पाहिली.

"ह्ये कुनाचं?"

"मदत आहे, मावशी. पण कोणी खातच नाही."

"खातील कसं? कुनी दिलं का?"

"दिलं ना. घरटी मोजून दिलं."

"तसं न्हाई बाई. समोर बसून, त्वांडात कुनी दिलं का?"

मग तिनं मला सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. ही सगळी वाडी एकाच भावकीची. पाच घरांतली माणसं गेली म्हणजे सगळ्या वाडीला सुतक. सुतकात चूल पेटत नाही. पहिला घास आपल्या हातानं घेत नाहीत. तो सोयऱ्यांनी आणायचा, म्हणजे सुना ज्या घरातून आल्या आणि लेकी ज्या घरात दिल्या त्या माणसांनी. त्यांनी समोर बसायचं, भाकरीचा तुकडा मोडून तोंडापाशी धरायचा. तो कडू घास. तो घेतला की माणूस पुन्हा खायला मोकळा. शेजारच्याच घरातलं कुणी देऊ शकत नाही, कारण तोही सुतकातच.

मी जरा तोऱ्यातच विचारलं, "मग यांचे सोयरे आहेत कुठे? तीन दिवसांत एकही फिरकला नाही?"

मावशीनं घाटाच्या दिशेनं बोट केलं. "खाली हायेत. घाटाच्या त्वांडाशी, तुमच्या त्या आडव्या बांबूपशी. रोज भाकरी करून आनत्यात, रोज माघारी नेत्यात."

तो बांबू माझा होता. पहिल्या दिवशी मोबाईल घेऊन बघे यायला लागले, रस्ता अडला, तेव्हा बैठकीत मीच म्हणाले होते की स्टिकर असलेल्या गाड्याच वर सोडा. स्टिकर मीच छापून आणले होते. "गर्दी टाळणे" या ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. माझ्या त्या गर्दीत सासरे होते, मेव्हणे होते, जावई होते, डोक्यावर भाकरी घेऊन पावसात उभे. आणि त्यांच्यासमोरून माझी पुरी-भाजी वर जात होती.

मी व्हरांड्यात बसले. मावशीनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "उठ, रडायला टाइम न्हाई. ती वही काढ. मी सांगते, तू ल्ही."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. पहिलं घर, थोरली सून अमक्या गावची, तिचा बाप म्हातारा, तो यायचा न्हाई, भाऊ येईल. दुसरं घर, धाकटी लेक तमक्या वाडीत दिली, जावई लंगडतो, त्याला गाडीत घे. तेवीस घरं, एकदाही अडखळली नाही. मी माझ्या दुकानातले नटबोल्टसुद्धा वहीशिवाय सांगू शकत नाही. आणि ही बाई त्या वाडीत किती वर्षांत पाय ठेवला नव्हता! मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "भांडान पाइपचं हाय, बाई. सोयरीक कशाला इसरायची?"

मी टेम्पोतून खाली गेले. बांबूपाशी उभ्या असलेल्या हवालदारानं मला बघून सलामच ठोकला.

"भाऊ, यांना वर सोडा."

"म्याडम, तुमीच म्हनला, ष्टिकर नसंल तर देवाला पन सोडायचा न्हाई."

"आता मीच म्हणते, सोडा. नावं आहेत माझ्याकडे." आणि मी वहीतून वाचायला लागले. प्रत्येक नावाला गर्दीतून "हाय!" आलं आणि एकेक गाठोडं वर झालं. दाढी वाढलेला एक म्हातारा पुढं येत म्हणाला, "रेशनच्या दुकानात बी आमचं एवढं नीट नाव घेत न्हाईत राव." तीन दिवस भिजलेली माणसं त्यावर हसली. हवालदारानं बांबू उचलून बाजूलाच फेकून दिला.

वर शाळेत जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी वाटप केलं नाही. प्रत्येक गाठोडं आपोआप आपल्या माणसासमोर जाऊन थांबलं. गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसली. तुकडा मोडायचा, पिठल्यात बुडवायचा, तोंडापाशी धरायचा. समोरचा मान फिरवायचा, हा हात तसाच धरून ठेवायचा. मग तोंड उघडायचं. तीन दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या बायका घास तोंडात असताना रडायला लागल्या. मी दारात उभी होते. एवढी मोठी व्यवस्था... तिला कुणी प्रमुख नव्हता, फॉर्म नव्हता, आणि ती दरडीच्या कितीतरी आधीपासून तयार होती. मी फक्त तिच्या आड बांबू टाकला होता. ज्यांना मी सुन्न समजत होते ती माणसं वाट बघत होती.

एका वयस्क जोडप्याचे सोयरे लावणीसाठी वाडीत मुक्कामाला आले होते आणि त्या पाच घरांतच गेले होते. यादीत त्यांच्यापुढे मावशीनं काही सांगितलं नव्हतं. मी विचारणार तेवढ्यात ती स्वतःचं गाठोडं उघडून त्यांच्यासमोर बसली. म्हातारीनं पाइपचं भांडण आठवून क्षणभर मान ताठ केली असावी. मावशी म्हणाली, "घे गं. भांडायला तरी ताकद पायजे." म्हातारीनं घेतलं. पाइपचं भांडण त्यानंतरही दोन वर्षं रीतसर चाललं, हेही लिहायला हवं.

बुधाजी तेवढे राहिले. चाळिशीतला माणूस, सकाळी कोसळलेला तोच. त्यांची बायको ठकू अजून सापडली नव्हती. ते मातीच्या ढिगाशीच बसून होते. त्यांचा मेव्हणा, ठकूचा सख्खा भाऊ, भाकरी घेऊन तिथं गेला. मावशी आणि मी मागं.

"घास घे, दाजी."

"तुजी बहीन हितं मातीत हाय अजून. तिला आगुदर काढू."

मेव्हण्यानं भाकरी पुन्हा फडक्यात ठेवली. मावशी खाली वाकली आणि तिनं बुधाजींचे दोन्ही पंजे स्वतःच्या हातात घेतले. फोड फुटून रक्त आलेलं. "ह्या हातानं काढनार? ह्यात जीव हाय का? तिचा भाऊ आलाय. तिच्या माहेरची भाकर हाय. तिचीच हाय समज, खा, आन् मंग काढ तिला."

बुधाजींनी तोंड उघडलं. चार घास खाल्ले. मग दोघं उठले, मेव्हण्यानं दुसरं फावडं घेतलं. ठकू दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. दोघांनीच तिला बाहेर आणलं.

मावशी दहा दिवस तिथं राहिली. पुढं मी दरवर्षी भात कापणीला तिच्याकडे जायची. मी गाडीतून उतरले की ती ओरडायची, "आली गं यादीवाली, माझी कोंबडी मोजून ठिवा!" तालुक्याला कधी आपत्तीच्या प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा मी किती चादरी लागतात ते सांगते, पण त्याआधी सांगते, की इथल्या माणसांना जेवण कोण भरवतं ते पहिल्यांदा विचारा. लोक लिहून घेतात. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "येवढं बी शिकवाया लागतं व्हय!"

तर त्या शनिवारी मी नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत निघाले. बरोबर एक हार. मावशीच्या वाडीकडे जाणारा रस्ता दरडीनंतर बुधाजींच्या वाडीला दिलेल्या नव्या वस्तीतून जातो. त्यांच्या घरी गाडी थांबायच्या आत चहाचं आधण चढलेलं असतं. त्या दिवशी अंगणात सगळे नुसतेच बसले होते. पलीकडच्या घरातही. त्याच्या पलीकडेही.

"च्या न्हाई आज, ताई," बुधाजी म्हणाले. "चूल बंद हाय."

"तुमच्यात कोण गेलं?"

"कोन म्हंजी? मावशी गेली न्हवं?"

"अहो, पण ती तुमच्या भावकीतली नाही. तुम्हाला कसलं सुतक?"

"धरलं आमी. समद्या वाडीनं."

मी एका घरापासून दुसऱ्या घराकडे बघत गेले. दूध तापवलेलं नाही, पाणी तापवलेलं नाही, कुठल्याच चुलीत जाळ नाही. कुणी कुणाला सांगायला गेलं नसणार. मग माझ्या लक्षात आलं ते मी मोठ्यानं बोलले, "आता तुम्हाला घास कोण आणणार?"

बुधाजींनी आधी माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी गाडी वळवली. त्यांच्या मेव्हण्याचं गाव खाली अर्ध्या तासावर. त्याच्या बायकोनं पीठ काढलं, मी पदर खोचला. दुपारभर आम्ही दोघी भाकरी थापत होतो. माझ्या वाकड्या होत होत्या, कडेला फाटत होत्या. पिठलं मीच ढवळलं. वहीत काही लिहिलं नाही. आधी मावशीच्या घरी गेलो, तिला हार घातला, आणि अग्नी देऊन माणसं परतल्यावर सखारामला बुधाजींच्या मेव्हण्यानं भरवलं. मग उतरणीला वस्तीत आलो, मेव्हणा आणि त्याची बायको घरोघर भाकरी घेऊन गेले. बुधाजी अंगणात मांडी घालून बसले होते. मी त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडापाशी धरला. त्यांनी मान फिरवली. मी हात तसाच ठेवला... मग त्यांनी घेतला. बराच वेळ चावत राहिले, डोळे पुसले.

"मीठ इसरलात, ताई," ते म्हणाले, आणि पुन्हा तोंड उघडलं.