उद्यमनगरातला रशिया

"बारा! बारा फुलं! मोजा, सगळ्यांनी मोजा! आरं, मी काय मेलोय व्हय?"

तालमीच्या मांडवात, भर स्टेजवर, माइक चालू असताना दाजी ओरडत होते, आणि त्यांच्यासमोर गुलाबांचा गुच्छ धरून उभ्या असलेल्या आमच्या नगरसेवकाचा चेहरा गुच्छापेक्षा लाल झाला होता. खरं तर प्रसंग आनंदाचा. माझी भाची मनीषा बारावी सायन्सला गल्लीत पहिली आली होती, आणि पोरगी पास झाली की शाल बापाला घालायची हा आमच्याकडचा कायदा असल्यामुळे सत्कार दाजींचा होता. शाल झाली, फेटा झाला, नारळ झाला, आणि गुच्छ हातात येताच दाजींनी फुलं मोजली. रशियात जित्या माणसाला फुलं द्यायची ती विषम आकड्यात. सम आकड्यातली फुलं जातात मढ्याला. ही गोष्ट अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकट्या दाजींना ठाऊक होती, आणि नगरसेवकाला ती ठाऊक नसावी हा त्यांच्या दृष्टीनं सरळसरळ घातपात होता. शेवटी त्यांनी स्वतःच एक गुलाब उपसून नगरसेवकाच्या खिशात खोवला, "आता जित्ता झालो" असं माइकवर जाहीर केलं, आणि मांडवानं टाळ्यांचा पाऊस पाडला.

रशिया नावाचा देश संपूर्ण कळलेली माणसं जगात दोनच. एक, त्या देशाचा त्या वेळी जो कोण अध्यक्ष असेल तो, आणि दुसरे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यातला पहिला अधूनमधून चुकायचा. दाजी उद्यमनगरात लेथवर ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. रशियाच्या दिशेनं त्यांनी केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पुणे, आणि तोही मूळव्याधीच्या ऑपरेशनासाठी. पण तरुणपणी त्यांच्या हाती रशियाचं एक गुळगुळीत, रंगीत, मराठी मासिक लागलं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनी त्या जाड कागदाची वह्यांना कव्हरं घातली. दाजींनी ते वाचलं. सगळा घोटाळा तिथंच झाला. मासिक बंद पडल्यावर रेडिओ आला, रेडिओची खरखर वाढल्यावर पेपरातली कात्रणं आली, आणि कात्रणांनी गाद्यांचं कपाट भरून गाद्या बाहेर आल्या.

तो मोठा देश फुटून त्याचे पंधरा तुकडे झाले तेव्हा दाजींनी घरात तेरा दिवस गोडधोड बंद केलं. आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला वाटलं, गावाकडं कुणीतरी गेलं आणि हे सांगेनात. ती पदर डोळ्याला लावून बसली. शेजारणी आल्या, त्याही बसल्या. अर्धा तास मनसोक्त रडून झाल्यावर एकीनं विचारलं, "पर गेलं कोण म्हणायचं?"

"रशिया," दाजी म्हणाले.

आक्कानं डोळे पुसले, गॅसवर कढई ठेवली आणि म्हणाली, "मग शिरा करायला काय हरकत हाय?"

रशियातल्या रीतिभाती त्यांनी घरात अशा काही आणल्या होत्या की पाहुण्याला वाटावं, चुकून दुसऱ्याच देशात शिरलो. चहात साखर नाही. शेजारी बशीत पेरूचा जाम, तो चमच्यानं चाटायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. दारात रबरी सपाता मांडलेल्या. आपल्या चपला बाहेर काढून पाहुण्यानं त्या घालूनच आत यायचं. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, भांडण होतं. मला मुलगा झाला तेव्हा पेढे घेऊन मी धावत त्यांच्या दारात गेलो आणि हात पुढं केला. दाजींनी तो हात धरून मला असा आत ओढला, की पेढे उंबऱ्यावर सांडले, मी सपातांवर पडलो, आणि वरनं ते म्हणाले, "वाचलासा, पावणं. न्हायतर आपलं आज फाटलं असतं." डिसेंबरात अख्खं कोल्हापूर मफलर गुंडाळून शेकोटी शोधत असताना दाजी सँडो बनियनवर चौकात उभे राहून आइस्क्रीम खायचे. तिकडं उणे वीसमध्ये लोक रस्त्यात उभं राहून खातात म्हणे. "ह्याला थंडी म्हंत्यात?" असं ते प्रत्येकाला विचारायचे आणि घरी येऊन एकतीस वेळा शिंकायचे. एकतीस मी स्वतः मोजल्यात.

पण दाजी खरे खुलायचे ते तालमीच्या कट्ट्यावर. रशियाचं राजकारण आमच्या डोक्यात शिरावं म्हणून त्यांनी तो देश उचलून सरळ साखर कारखान्यात आणून बसवला होता. अध्यक्ष म्हणजे चेअरमन, पंतप्रधान म्हणजे एमडी, संसद म्हणजे वार्षिक सभा. नव्वदनंतर तिथं सरकारी कारखाने विकायला काढले आणि प्रत्येक माणसाला वाट्याची एकेक चिठ्ठी दिली, तेव्हा दाजींनी कट्ट्याला विचारलं, "समजा, उद्या कारखान्यानं तुमाला फुकट शेअर दिला. काय करशीला?"

"इकणार," कट्टा एका आवाजात म्हणाला.

"इकून?"

"मटण."

"तिथं बाटली घेतली. एवढाच फरक. आन ती चिठ्ठी घेतली कुणी? जो काट्यावर बसून उसाचं वजन करत हुता, त्यानं! आज त्याच्या दारात चार गाड्या हायत."

रणगाड्यांनी संसदेवर तोफा डागल्या, तेव्हा "वार्षिक सभेत माइक बंद करायचा असतो, ह्यांनी जरा जोरात बंद केला" एवढंच ते म्हणाले. रुबल कोसळला, कामगारांना पगाराऐवजी कारखान्यातली भांडी वाटली, तेव्हा आपल्याकडं साखर वाटतात ती बरी, असा निर्वाळा दिला. ते शतक संपण्याच्या दिवशी दुपारी आम्ही रात्रीच्या रश्श्याची तयारी करत होतो, तर दाजी कांदा तसाच टाकून उठले. तिथल्या चेअरमननं मुदतीआधीच खुर्ची सोडली होती. "सोडली न्हाय," दाजी म्हणाले, "आपल्या मागं चौकशी लावणार न्हाय असा माणूस बघून त्याला बसवलं. सहकार म्हंत्यात ह्याला." पुढं आठ वर्षांनी त्या बसवलेल्या माणसाची मुदत संपली. तो एमडी झाला आणि दुसऱ्याला चेअरमन केलं. कट्टा गोंधळला. सही कुणाची चालायची? "सही कुणाची बी चालू दे," दाजी म्हणाले, "गाडीचं दार आदी कुणासाठी उघडतंय, ते बगायचं." मोठमोठ्या संपादकांनी ह्याच गोष्टीला अर्धं पान घेतलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तो बारा फुलांचा सत्कार झाला, आणि महिन्याभरात कळलं, की गल्लीत पहिल्या आलेल्या पोरीला मेडिकलला मात्र आठ मार्क कमी पडतात. इथली देणगीची जागा लेथवर जन्म काढणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती. तेवढ्यात बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर एका एजंटानं ऑफिस उघडलं. भिंतीवर बर्फात उभी असलेली एक पांढरी इमारत, खाली लिहिलेलं: रशियात डॉक्टर व्हा. मनीषानं माहितीपत्रक आणून बापाच्या पुढ्यात ठेवलं. आम्ही सगळे हसलो. लग्न ठरवायचं आणि नवरा मुलगा घरचाच निघावा, तसा प्रकार! मी तर पेढ्यांची ऑर्डर कुठं द्यावी ह्या विचारात होतो.

दाजी म्हणाले, "न्हाय."

आणि मग जे सुरू झालं ते ऐकून मासिकाच्या संपादकानं विहीर जवळ केली असती. तिथं थंडीत उभा माणूस लाकूड होतो. खायला काय, तर बटाटा, आणि बदल म्हणून बटाटा. पोलीस चौकाचौकात कागद मागतो. डोकी भादरलेली टोळकी हिंडतात आणि काळा-सावळा माणूस दिसला की चोपतात. वीस वर्षं ज्या कपाटातून दाजींनी त्या देशाचं कौतुक काढलं होतं, त्याच कपाटातून आता त्याची सगळी लक्तरं निघू लागली, तीही तारीखवार. मनीषा बापाचीच लेक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, खरं कंचं? आजचं का वीस वर्षांचं?"

दाजींनी कपाटाला कडी घातली. दोन दिवस ते कट्ट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कारखान्यात गाठलं, तर लेथ बंद करून स्टुलावर बसले होते.

"दाजी, पोरगीचं वरीस वाया जाईल."

"ठाऊक हाय."

"मग?"

त्यांनी कापडानं हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. "पावणं, तिथं मेट्रोत बॉम्ब फुटला की मी कट्ट्यावर येऊन तुमाला समजावून सांगतो. पोरगी तिथं असली, तर मला कोण समजावणार?"

मी चहा मागवला, आणि आम्ही दोघांनी तो बिनजामाचा प्यायला.

त्याच आठवड्यात दाजी धनगराकडनं एक काळं घोंगडं घेऊन आले. वजन साधारण एका शेळीएवढं. ते खांद्यावर टाकून, मला बरोबर घेऊन थेट ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात गेले आणि मालकाला म्हणाले, "मला लाद्यांच्या खोलीत घाल आन भायेरनं दार लाव." अर्धा तास, आता खोटं कशाला सांगू, निदान वीस मिनिटं तरी माणूस आत होता. मालक घाबरून दारावर थापा मारत होता. दार उघडलं तेव्हा दाजींच्या मिशांवर दव होतं, ओठ जांभळे होते, आणि थाटात बाहेर येऊन ते मला म्हणाले, "चालतंय. जाऊ दे पोरगीला." आमच्या घराण्यातली एवढी मोठी परवानगी अशी बर्फाच्या कारखान्यात मिळाली.

जायचा दिवस उजाडला. एजंटाची अट होती, की पालकांनी मुंबईपर्यंत यायचं नाही, विमानतळावर रडारड होते. कागलची दोन, गडहिंग्लजची तीन पोरं घेऊन बस सकाळी दहाला आमच्या चौकात येणार होती. दाजींच्या दोन खोल्यांत बावीस माणसं, पाच किलो चटणी, एक घोंगडं आणि सगळ्यांच्या सूचना एवढं एकदम मावत नव्हतं. बसचा पहिला हॉर्न झाला आणि आम्ही बॅगा उचलणार तोच दाजी गरजले, "बसा! सगळी खाली बसा! एक मिनिट गप!"

रशियात म्हणे माणूस लांबच्या वाटेला निघाला की निघायच्या आधी घरातली सगळी मिनिटभर गप बसतात. मग वाट सुखाची होते. आता आमचं घराणं मिनिटभर गप बसलंय असं कुणाच्या स्मरणात नव्हतं; आमच्यात श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतसुद्धा मयताच्या जमिनीचा विषय निघतो. तरी बसलो. दाजी पलंगाच्या कडेला, मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर. वीस सेकंद झाले असतील, धाकटी चुलती म्हणाली, "चटणी वरच्या पिशवीत हाय का खालच्या?"

"पयल्यापासनं!" दाजी ओरडले.

पुन्हा बसलो. ह्या खेपेला चाळीसपर्यंत गेलो, आणि माझ्या खिशातल्या मोबाइलवर हलगी कडाडली. "पयल्यापासनं!" तिसऱ्या खेपेला खरोखर कुणी हललं नाही. भिंतीवरची पाल ऐकू येत होती. पन्नास झाले असावेत, तोच चौकातनं हॉर्न जोरात वाजला आणि आक्काच्या तोंडातनं हुंदका फुटला. दाजींची नजर घड्याळावरच होती. मनीषा उठली, बापाच्या पायांवर डोकं टेकलं आणि बॅग घेऊन बाहेर पडली. मागनं आम्ही सगळे चौकाकडं पळालो. चटणी वर गेली, घोंगडं खिडकीतनं आत कोंबलं, आक्काला दोघींनी धरलं, बस वळली आणि हायवेच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

मी परत आलो तर खोली रिकामी. दारात सपाता उलट्यापालट्या पडलेल्या. दाजी तसेच पलंगाच्या कडेला, पाय जुळवून, तळहातावर घड्याळ.

"दाजी, गाडी गेली की ओ. उठा आता."

घड्याळावरनं नजर न काढता ते म्हणाले, "मिनिट झालं न्हाय अजून."